माकडतापावरची लस विकत कुठे मिळते?

प्रश्न असा आहे: जिथे प्राथमिक आरोग्य केंद्रात साधी औषधं वेळेवर पोहोचत नाहीत, त्या देशाने जैववैद्यकीय संशोधनावर हजारो कोटी का घालावेत? अमेरिका-युरोपात तयार झालेलं तंत्रज्ञान विकत घेतलं तर स्वस्त नाही का पडणार? आणि घालायचेच असतील तर नेमके कशावर?

पुण्यात लसी आणि निदान-किट विकसित करण्याच्या कामात माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली. आधी प्रयोगशाळेत, मग क्लिनिकल ट्रायलच्या बाजूला, आणि शेवटी सरकारी निधीसाठी आलेले प्रस्ताव तपासण्यात. त्यामुळे माझी मतं ठाम आहेत, हे आधीच सांगून टाकते.

थोडक्यात उत्तर हे, की जे बाजारात चांगलं आणि परवडणारं मिळतं ते खुशाल विकत घ्यावं, त्यात कमीपणा नाही. पण आपल्या कितीतरी आजारांवर विकायला कुणाकडेच काही नसतं. जे मिळतं ते आपल्या माणसांवर चालतं का, हे तपासायलाही घरची यंत्रणा लागते. पैसा कमी आहेच. त्याहून मोठी अडचण ही, की जो आहे तो प्रयोगशाळेत येऊन थांबतो; प्रयोगशाळा आणि दवाखाना यांच्या मधल्या वाटेवर खर्च करायला फारसं कुणी तयार नसतं.

आधी विकत घेण्याचं पाहू. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-बांदा भागात आणि शेजारच्या गोव्यातल्या सत्तरीत गेली दहाएक वर्षं काजूच्या हंगामात माकडतापाचे रुग्ण सापडतात. गोचिडीतून पसरणारा हा विषाणू. रानात माकडं मरायला लागली की गावं धास्तावतात. हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला १९५७ साली, कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलाजवळ. ओळखणारी संस्था पुण्याची होती. रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने १९५२ साली सुरू झालेलं व्हायरस रिसर्च सेंटर, म्हणजे आजची एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था). पुढे फॉर्मॅलिनने निष्क्रिय केलेली एक लस निघाली, कर्नाटकात ती वर्षानुवर्षं टोचली गेली, तिचा परिणाम तोकडा आहे हे हळूहळू कळत गेलं आणि अखेर ती बंद झाली. नवी लस तयार करण्याचं काम आता आयसीएमआर (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स करत आहेत. विषाणू सापडल्यापासून साठहून जास्त वर्षांनी! हा आजार जवळजवळ पश्चिम घाटापुरताच आहे. बॉस्टन किंवा बाझलमधल्या कंपनीने त्यावर लस का काढावी? तिचं गिऱ्हाईक कोण, तर काजूच्या बागेत राबणारे मजूर.

सर्पदंशाचं तर याहून वाईट आहे, कारण तिथे आकडा छोटा नाही. देशभरातल्या मृत्यूंची कारणं नोंदवणाऱ्या मिलियन डेथ स्टडीच्या अंदाजाप्रमाणे २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यावरचं औषध आपण अजूनही मूळच्या १८९० च्या दशकातल्या पद्धतीने बनवतो: घोड्याला थोडं थोडं विष टोचायचं, त्याच्या रक्तातली प्रतिद्रव्यं वेगळी करायची, शुद्ध करून कुपीत भरायची. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांचं विष त्यासाठी मुख्यतः तामिळनाडूतल्या इरुळा समाजाच्या सहकारी संस्थेकडून येतं. आता घोणस सगळीकडे दिसायला तीच असली तरी तिच्या विषाची घडण प्रदेशागणिक बदलते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या गटाने हे पुन्हा पुन्हा दाखवून दिलंय, आणि काही भागांत प्रचलित प्रतिविष कमी पडतं हेही. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरला ते न सांगताच ठाऊक असतं. कुप्यांमागून कुप्या चढवल्या तरी रक्त गोठत नाही, हे त्याने पाहिलेलं असतं. यावरचा उपाय विज्ञानाच्या दृष्टीने अशक्यप्राय वगैरे नाही. प्रादेशिक विषसंग्रह केंद्रं हवीत, त्या विषांवर तपासलेलं प्रतिविष हवं, आणि पुढच्या टप्प्यात घोड्याऐवजी प्रयोगशाळेत बनवलेली प्रतिद्रव्यं. पण मरणारा शेतमजूर असतो, आणि शेतमजुराच्या मागे औषधबाजार धावत नाही. इथे सरकारशिवाय दुसरा गुंतवणूकदार नाही.

(हाफकिनचं नाव इथे येणारच. १८९७ साली मुंबईत वाल्डेमार हाफकिनने प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली; परळची त्याच्या नावाची संस्था पुढे प्रतिविषासाठी ओळखली गेली. पूनावालांच्या स्टडफार्मवरचे म्हातारे घोडे या हाफकिनकडेच जायचे. घोड्याच्या रक्तातून काढलेलं हे प्रतिद्रव्यांचं सीरम आपणच का बनवू नये, या विचारातून १९६६ साली पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. सरकारी संस्थेने केलेल्या खर्चाचा लाभ कोणत्या वाटेने कुणाला होईल, हे कुठल्याच प्रस्तावात लिहिता येत नाही.)

आता मधल्या वाटेबद्दल. माझ्या मते सगळा प्रश्न इथेच आहे, म्हणून इथे जरा थांबते.

रोटाव्हायरसची लस घ्या. दिल्लीच्या एम्समध्ये १९८०च्या दशकाच्या मध्यात डॉ. महाराज किशन भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही नवजात बाळांच्या शौचात रोटाव्हायरस सापडला, पण बाळांना जुलाब नव्हते. उलट पुढे त्यांना तीव्र रोटाव्हायरस-जुलाबापासून संरक्षण मिळालेलं दिसलं. ११६ई या नावाचा तो विषाणू म्हणजे निसर्गानेच सौम्य करून दिलेली लस होती. शोध लागला. ती लस राष्ट्रीय लसीकरणात आली मार्च २०१६ मध्ये. मधली तीस वर्षं कुठे गेली?

भारत-अमेरिका लस कार्यक्रम १९८७ साली सुरू झाला, त्यातून विषाणूचा अभ्यास झाला. मग तो मानवी वापराला योग्य अशा पेशींमध्ये वाढवायचा, जीएमपी (औषध-उत्पादनाचे ठरलेले निकष) दर्जाच्या बॅचेस काढायच्या, प्राण्यांवर सुरक्षितता पाहायची, मग प्रौढ, मग मोठी मुलं, मग बाळं, प्रत्येक टप्प्याला परवानगी. कारखाना भारत बायोटेकचा. पैसा केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचा, गेट्स फाउंडेशनचा, अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचा, नॉर्वेच्या आणि ब्रिटनच्या संस्थांचा. शेवटची चाचणी ६,७९९ बाळांवर, दिल्ली, वेल्लोर आणि पुणे जिल्ह्यातलं वढू अशा तीन ठिकाणी झाली. पहिल्या वर्षात तीव्र जुलाबापासून संरक्षण सुमारे ५६ टक्के. लस डॉलरला एक डोस या भावाने द्यायचं कंपनीने आधीच कबूल केलं होतं.

५६ टक्के हा आकडा ऐकून तेव्हा बरेच जण नाराज झाले. पण परदेशी लसीसुद्धा श्रीमंत देशांत ८५-९० टक्के आणि आशिया-आफ्रिकेतल्या गरीब वस्त्यांत साधारण इतकंच संरक्षण देत होत्या. आपल्या बाळांच्या आतड्यांची परिस्थिती वेगळी असते. दुसऱ्या देशातला निकाल वाचून लस विकत घेतली असती तर हा फरक कागदावर दिसलाच नसता.

आणि वढूत चाचणी होऊ शकली ती का? पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने तिथल्या २२ गावांतल्या घराघरांची नोंद २००२ पासून ठेवायला घेतली होती. कुठे बाळ जन्मलं, कोण स्थलांतर करून गेलं, कोण वारलं. क्षेत्रीय कार्यकर्त्या आठवड्याला घरी जायच्या, जुलाब झाला की नमुना घेऊन तो थंड पेटीतून प्रयोगशाळेत पाठवायच्या, आणि संमतिपत्र आजीला समजेल अशा मराठीत वाचून दाखवायच्या, कारण बाळाबद्दलचा निर्णय पुष्कळदा आजीच्या हातात असतो. अशी जागा उभी करायला वर्षं लागतात. चाचणी संपली की मात्र प्रकल्पाचा निधी थांबतो, कंत्राट संपतं, आणि तयार झालेली माणसं विम्याच्या कंपनीत किंवा दुकानात कामाला लागतात. पुढच्या चाचणीला पुन्हा श्रीगणेशा. देशात अशी दहा-पंधरा केंद्रं कायमस्वरूपी पगारावर ठेवण्याचा खर्च एका मोठ्या उड्डाणपुलाइतका येईल, फार तर दोन. पण त्याचं उद्घाटन करता येत नाही.

त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेतली हृदयाची झडप हेही असंच उदाहरण. डॉ. वलियाथन यांच्या गटाची पहिली तीन मॉडेलं फसली. चौथं टिकलं, आणि डिसेंबर १९९० मध्ये ते पहिल्यांदा रुग्णाला बसवलं. आज प्रस्ताव तपासणाऱ्या समितीपुढे दुसऱ्या मॉडेलचं अपयश घेऊन कुणी आलं तर तिसऱ्यासाठी पैसे मिळतील का? मी अशा समित्यांवर बसले आहे. अवघड आहे.

एकूण पैसा किती, तर देशाचा सगळ्या क्षेत्रांतला मिळून संशोधनावरचा खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्के. चीनचा अडीच टक्क्यांच्या आसपास, दक्षिण कोरियाचा जवळजवळ पाच. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात आरोग्य मंत्रालयाला सुमारे ९९,८५९ कोटी मिळाले, त्यात आरोग्य संशोधन विभागाचे, म्हणजे मुख्यतः आयसीएमआरचे, सुमारे ३,९०० कोटी. जैवतंत्रज्ञान विभागाचे सुमारे ३,४५० कोटी धरले, जरी त्यातला बराच पैसा शेतीकडे आणि इतरत्र जातो, तरी डोई पन्नास-पंचावन्न रुपये होतात. म्हणून ‘संशोधनावर उधळपट्टी’ हा शब्दप्रयोग ऐकला की मला हसू येतं. औषधांचा तुटवडा या पन्नास रुपयांमुळे पडत नाही. तो खरेदी, साठवण आणि वाटपाच्या गोंधळाने पडतो.

पण आहे तो पैसा आपण कसा खर्चतो, त्याचं समर्थन मी करणार नाही. यंत्र घ्यायला अनुदान मिळतं, त्याच्या एएमसीला, म्हणजे देखभालीच्या वार्षिक कंत्राटाला, मिळत नाही. चौथ्या वर्षी बिघडलेलं यंत्र आच्छादन घालून ठेवलेलं मी किती प्रयोगशाळांत पाहिलंय. हप्ता येतो जानेवारीत आणि ३१ मार्चच्या आत खर्चाचा दाखला द्यायचा. मग लागेल ते नव्हे, मिळेल ते घेतलं जातं. रिएजंट, म्हणजे चाचणीला लागणारं रसायन, परदेशातून येतं, कोरड्या बर्फात, आणि कस्टम्सच्या गोदामात दोन सुट्ट्या लागून आल्या की ते फेकायच्या लायकीचं होतं. मे २०२० मध्ये २०० कोटींखालच्या खरेदीला जागतिक निविदा बंद केल्या, तेव्हा ज्या यंत्राचा देशात उत्पादकच नाही त्यासाठीही परवानग्यांची फाइल फिरवावी लागायची. जून २०२५ मध्ये संस्थाप्रमुखांना त्याचे अधिकार मिळाले आणि छोट्या खरेदीची मर्यादाही वाढली. हा बदल बातम्यांत फारसा गाजला नाही. माझ्या दृष्टीने त्याची किंमत एखाद्या नव्या संस्थेपेक्षा जास्त आहे.

पीएचडीच्या विद्यार्थ्याची फेलोशिप जानेवारी २०२३ पासून ३७ हजार झाली. रक्कम वाईट नाही. पण ती सहा-सहा महिने न येणं हा ज्या व्यवस्थेत नेम आहे, तिथे खोलीभाडं भरायला घरून पैसे मागवू शकणारी मुलंच संशोधनात टिकतात. बाकीची निघून जातात, आणि ती गेलेली कुणाच्या नोंदीत येत नाहीत.

दुरुस्तीवर खर्च न केल्याचा दाखला द्यायचा तर २००८ चा द्यावा. त्या वर्षी जानेवारीत कसौली, कुन्नूर आणि गिंडी इथल्या तीन सरकारी लस-प्रयोगशाळांचे उत्पादन परवाने केंद्राने निलंबित केले, कारण त्या जीएमपीच्या निकषांत बसत नव्हत्या. बसत नव्हत्या हे खरंच होतं. पण इमारत, हवा शुद्ध ठेवणारी यंत्रणा, नोंदींची पद्धत यांवर कित्येक वर्षं पैसे घातलेच नाहीत तर दुसरं काय होणार? बाळांच्या लसींसाठी सरकार खासगी उत्पादकांवर अवलंबून राहिलं. परवाने परत मिळायला २०१० उजाडलं. खासगी उत्पादनाला माझा विरोध नाही, मी त्यातच काम केलंय. पण सौदा करताना आपल्याकडे दुसरा पर्याय असला की भाव वेगळा ठरतो.

तो कसा ठरतो, याचं उदाहरण २००१ चं. एचआयव्हीच्या तीन औषधांचा वर्षाचा खर्च माणशी दहा हजार डॉलरच्या वर होता, तेव्हा मुंबईच्या सिप्लाने तीच औषधं ३५० डॉलरला देऊ केली. त्यामागे औषधाच्या रेणूवर नव्हे, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट देणारा १९७० चा कायदा होता हे सगळे सांगतात. हैदराबादच्या आयआयसीटीसारख्या सरकारी प्रयोगशाळांत मुरलेलं रसायनशास्त्र होतं, हे कमी सांगितलं जातं. झिडोव्हुडिन बनवण्याची प्रक्रिया तिथूनच सिप्लाकडे आली होती. कायद्याने मुभा दिली, पण ते रेणू कसे जोडायचे हे ठाऊक असलेली माणसं आधीच्या दोन-तीन दशकांच्या पगारांतून तयार झाली होती.

खरेदीबद्दल आणखी एक. ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारं छोटं पीसीआर यंत्र बंगळुरूच्या बिगटेकने विकसित केलं आणि गोव्याच्या मोलबायोने बाजारात आणलं. धूळ, उकाडा आणि वीज जाणं गृहीत धरून ते बनवलेलं आहे. आयसीएमआरने त्याची पडताळणी केली, २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने क्षयरोगाच्या निदानासाठी त्याची शिफारस केली, कोविडमध्ये ते जिल्ह्या-तालुक्यांत पोहोचलं आणि साथ ओसरल्यावर तिथेच क्षयरोगासाठी वापरलं जाऊ लागलं. यात निर्णायक ठरली ती सरकारची मोठी ऑर्डर. नाही तर चांगली देशी उपकरणं पुरस्कार घेऊन कपाटात जातात, कारण जिल्हा रुग्णालयाच्या निविदेत ‘इतक्या वर्षांचा अनुभव, इतकी उलाढाल’ अशी अट असते आणि शेवटी एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी भाववाला, ठरतो. नव्या कंपनीकडे उलाढाल कुठून असणार?

प्राथमिक केंद्र की संशोधन, हा वाद मला मुळात पटत नाही, कारण आपल्याकडचं सगळ्यात कसदार संशोधन प्राथमिक केंद्राच्या पायरीवरच झालंय. १९५६ साली मद्रासला सुरू झालेल्या क्षयरोग केंद्राने दाखवलं की सॅनेटोरियममध्ये ठेवलेल्या आणि दाटीवाटीच्या घरात राहून गोळ्या घेतलेल्या रुग्णांत बरं होण्याचं प्रमाण जवळजवळ सारखंच आहे. या निकालाने जगभरची सॅनेटोरियमं रिकामी व्हायला हातभार लागला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बाईला नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांत तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी होता. आज देशभरातल्या आशाताई घरोघरी जातात, त्यामागे ते काम आहे. अलीकडचं म्हणजे झारखंडमधलं रेशन्स संशोधन: क्षयरुग्णाच्या घरच्यांना धान्य-डाळीचा शिधा दिला, तर त्या घरात नवा क्षयरोग सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाला. अशा अभ्यासाला ना पेटंट, ना स्टार्टअप. म्हणूनच तो सरकारी पैशाने व्हायला हवा, आणि हा पैसा मी यादीत सगळ्यात वर ठेवेन.

मग आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कार-टी पेशी उपचारासारख्या (रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून कर्करोगावर सोडायच्या) महागड्या, झगमगीत कामाचं काय? मी त्याच्या बाजूने आहे. पहिल्या मानवी चाचणीला केंद्राच्या बायोफार्मा मिशनमधून सुमारे १९ कोटी मंजूर झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या उपचाराला परवानगी मिळाली. परदेशात तीन-चार कोटींना पडणारा उपचार इथे तीस-चाळीस लाखांत आला. तीस लाख हेही सामान्य घराच्या आवाक्याबाहेरचेच, त्यामुळे ‘सर्वांसाठी’ वगैरे म्हणायची घाई नको. पण पेशी बाहेर काढून, बदलून, परत शरीरात सोडण्याचं कसब आता देशात आहे, आणि थॅलसेमिया-सिकलसेलसारख्या रक्ताच्या आनुवंशिक आजारांच्या जनुकीय उपचारांनाही त्यातलं बरंच कसब लागतं. नंदुरबार-गडचिरोलीच्या आदिवासी भागांत सिकलसेल किती आहे हे ज्यांना माहीत आहे, त्यांना हा खर्च चैनीचा वाटणार नाही. अट एकच असावी: सरकारी पैशाने चाचणी झाली असेल, तर सरकारी रुग्णालयासाठीचा भाव करारात आधीच लिहिलेला असावा. रोटाव्हायरसच्या वेळी हे जमलं होतं.

नव्या योजनांबद्दल विचाराल तर माझं मत संमिश्र आहे. संशोधनाला निधी देणाऱ्या केंद्राच्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा पाच वर्षांचा ५० हजार कोटींचा आकडा सांगितला जातो, त्यात सरकारचे १४ हजार कोटी. उरलेले उद्योग आणि देणगीदारांकडून येतील अशी अपेक्षा. ते येताना दिसल्याशिवाय मी ते मोजणार नाही. २०२५ मध्ये मंजूर झालेला एक लाख कोटींचा संशोधन-विकास निधी मला जास्त आश्वासक वाटतो, कारण तो प्रयोगशाळेपुढच्या टप्प्यांसाठी आहे. पण तो मुख्यतः स्वस्त, लांब मुदतीच्या कर्जाच्या आणि भागभांडवलाच्या रूपात मिळणार. ज्या वस्तूला बाजार आहे तिच्यासाठी उत्तम. सर्पविषावरच्या नव्या औषधासाठी कर्ज काढायला कोण पुढे येईल? तिथे टप्प्याटप्प्याने अनुदान हवं आणि ‘एवढ्या गुणवत्तेचं, एवढ्या भावात बनवा, आम्ही इतकी वर्षं इतक्या कुप्या घेऊ’ अशी लेखी हमी हवी. याशिवाय औषध नियामकाकडे पुरेशी शिकलेली माणसं हवीत. तो पगाराचा साधा प्रश्न आहे, आणि फाइल लवकर हलण्यासाठी त्याहून परिणामकारक दुसरं काही मला माहीत नाही. नव्या इमारती, नवी ‘उत्कृष्टता केंद्रं’ मात्र पाच वर्षं नकोत.

तुम्हाला स्वतःला याचा माग ठेवायचा असेल तर एक करा. फेब्रुवारीत जाहीर होणारा मोठा आकडा सोडून द्या. पुढच्या वर्षीच्या अर्थसंकल्पात त्याच ओळीसमोर ‘सुधारित अंदाज’ छापलेला असतो आणि त्याच्या पुढच्या वर्षी ‘प्रत्यक्ष खर्च’. आरोग्य संशोधन आणि जैवतंत्रज्ञान या दोन विभागांचे हे तिन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा, आणि त्यातला किती खर्च पगार-फेलोशिपवर व किती बांधकामावर झाला तेही पाहा.